लक्षात कोणी घेतलं?



३ ऑक्टोबर २०२४ ला दिल्लीच्या सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले. फलक लागले. चांगलं झालं. मराठी आपलीही भाषा आहे, आपल्या मायची भाषा आहे. पण तो शब्द जरा हातात घेऊन बघा. अभिजात. कोश उघडला की अर्थ सापडतो : चांगल्या कुळात जन्मलेला. खानदानी. म्हंजे शब्दाच्या पोटातच जन्म बसलेला आहे. आणि ह्या देशात जन्माचा अर्थ काय, हे गावकुसाबाहेरच्या पोराला कोशात बघावं लागत नाही.

साहेबाच्या भाषेतला 'क्लासिक' तरी वेगळा असेल? तोही त्याच कुळातला निघाला. जुन्या रोममध्ये माणसांची मिळकत मोजून त्यांचे वर्ग पाडले होते. सगळ्यात वरच्या वर्गातला तो क्लासिकस. ज्याच्याकडं पोटच्या लेकरांशिवाय दुसरी मालमत्ता नाही तो प्रोलेतारियस. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस नावाच्या रोमन लेखकानं हा मिळकतीचा शब्द उचलला आणि लेखकांना लावला. मानायचा तो वरच्या वर्गाचा लेखक, प्रोलेतारियस नव्हे. म्हंजे हा शब्द पुस्तकाला चिकटला त्याच दिवशी कामकऱ्याला पुस्तकाच्या दाराबाहेर काढलं होतं.

मी लातूरला तुरीच्या डाळमिलमध्ये काम करतो. पोती ओततो, चाळणीवर उभा राहतो, चुनी भरतो. नववीनंतर शाळा सुटली. मराठीतल्या ज्या कादंबऱ्यांना अभिजात म्हणतात त्या मी विसाव्या वर्षानंतर वाचल्या. काही रद्दीच्या दुकानातून किलोवर आणल्या, काही जयंतीच्या पुस्तक-स्टॉलवरून, काही मोबाइलवर. हे सांगायचं कारण एकच. आमच्या विहारातल्या अभ्यासिकेसाठी वर्गणीतून पुस्तकं घ्यायची ठरली तेव्हा भांडण झालं. काही पोरं म्हणाली, बामणांच्या कादंबऱ्यांवर आपला पैसा कशाला? स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्या. काही म्हणाली, नाही, त्या थोर कादंबऱ्या आहेत, त्या वाचल्याशिवाय माणूस सुशिक्षित होत नाही. एक बाजू पुस्तक फेकायला निघालेली, दुसरी बाजू पुस्तकाच्या पाया पडायला. हा लेख त्या दोन्ही बाजूंसाठी आहे.

पहिल्यांदा हे बघू की आपल्या हातात ह्या कादंबऱ्या इतक्या उशिरा का आल्या. आळस हे त्याचं उत्तर नाही, इतिहास हे उत्तर आहे.

पुण्या-मुंबईत मराठी कादंबरी जन्मली तेव्हा नांदेड, लातूर निजामाच्या राज्यात होते. मराठी घरात आणि बाजारात. सरकारदरबारी आधी फारसी, मग उर्दू. १९१८ ला हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. सवर्ण घरातलं पोरगं शिकायला पुण्याला जायचं, येताना ट्रंकेत कादंबरी आणायचं. आपलं पोरगं वेठीला जायचं, येताना शिळी भाकर आणायचं. सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. १९५० ला बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाड्यातल्या आपल्या माणसाला वरच्या शिक्षणाचं दार तिथं उघडलं.

आता हिशोब करा. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही पहिली मराठी कादंबरी धरतात, ती १८५७ ची. मिलिंदची सुरुवात १९५०. मध्ये ९३ वर्षं. एवढ्या काळात वाड्यातल्या तीन पिढ्या कादंबऱ्या वाचून म्हाताऱ्या झाल्या. आणि आपण उशिरा आलो म्हणून आपल्याला विचारतात, तुम्ही हे अजून वाचलं नाही? वाचू की. पण आधी त्या ९३ वर्षांचा जाब कोण देणार तेवढं सांगा.

मात्र उशिरा वाचण्यात एक जोर आहे. लहानपणी वाचणारं पोरगं गोष्टीत बुडून जातं. कामाला लागलेला माणूस बुडत नाही. त्याला पानापानावर प्रश्न पडतात. हा वाडा झाडला कोणी? ह्या विहिरीचं पाणी कोण भरतं? ह्या कुटुंबाचं धान्य येतं कुठून? मॅक्झिम गॉर्कीची 'आई' ही कादंबरी १९०६ ची. तिच्यातली पेलागेया निलोवना चाळिशीत अक्षरं शिकते. पोराच्या मित्रापुढं बसून, लाजत, डोळ्यात पाणी आणून शिकते. पण एकदा अक्षर हातात आलं की तीच बाई पत्रकं वाटायला निघते. आपले अण्णाभाऊ साठे शाळेत दीड दिवस गेले असं सांगतात. मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत वाचत त्यांनी अक्षर पक्कं केलं. जो उशिरा वाचतो तो पोट, पाठ आणि हात घेऊन वाचतो.

तर वाचायचं कसं? माझी पद्धत साधी आहे. मी तारखेला तारीख लावतो. कादंबरी कोणत्या साली आली ते एका बाजूला लिहायचं. त्या साली, त्याच्या आगेमागे, आपली माणसं काय करत होती ते दुसऱ्या बाजूला लिहायचं. मग दोन्ही एकत्र वाचायचं. बघा काय होतं ते.

१८५७. 'यमुनापर्यटन'. विधवांच्या दुःखाची गोष्ट. लिहिणारे बाबा पदमनजी, धर्म सोडून ख्रिस्ती झालेले. हिंमतीचं पुस्तक आहे. आता दुसरी बाजू. १८५५. 'ज्ञानोदय' मध्ये एक निबंध छापून येतो, मांग-महारांच्या दुःखाविषयी. लिहिणारी मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली, जातीनं मांग, वय चौदा. वाड्याच्या पायात मांग-महाराला तेल-शेंदूर पाजून पुरत होते, हे ती लिहिते. वेद आम्ही वाचायचे नाहीत तर आम्ही धर्मपुस्तक नसलेली माणसं झालो, मग आमचा धर्म कोणता, असा सवाल ती देवाला टाकते. मराठीत कादंबरी नावाची वस्तू यायच्या दोन वर्षं आधी मांगाच्या पोरीचं गद्य छापून झालेलं होतं. आपण मराठी साहित्यात पाहुणे म्हणून मागून आलो, ही थाप इथंच संपते. पोरगी दारात आधी उभी होती. आत घेतली नाही, एवढंच.

१८७१. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड'. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणतात. शिवकाळ, गड, तलवारी. दुसरी बाजू. १८६९. जोतीराव फुले शिवाजीराजांचा पवाडा छापतात. कुणब्यांचा राजा म्हणून मांडतात. परत दोन वर्षं आधी. शिवाजी महाराज कोणाचे, हे भांडण आजकालचं नाही. ते कादंबरीच्या आधीपासूनचं आहे.

आणि आता १८९०. ह्या सालापाशी मी सगळ्यात जास्त थांबलो.

१८९० ला पुण्यात हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक' काढलं. त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' हप्त्याहप्त्यानं छापली. १८९३ पर्यंत चालली. यमू नावाची पोर आपली कहाणी आपणच सांगते. लहानपणी लग्न. नवरा रघुनाथराव चांगला, तिला शिकवतो. तो मरतो. मग सासरी शंकरमामंजी नावाचा राक्षस तिचे केस जबरदस्तीनं उतरवतो. मी ते पान रात्रपाळीहून येऊन पहाटे वाचलं. माझ्या डोळ्यातून पाणी आलं. ह्यात लपवण्यासारखं काही नाही. दुसऱ्याच्या घरातल्या पोरीसाठी रडू येणं ही माणूसपणाची खूण आहे.

आजी उठलेली होती. तिनं बघितलं.

"काहून रडूलालास रं?"

मी सांगितलं. पुण्याची एक बामणाची लेक होती, नवरा मेला म्हणून तिचे केस काढले.

आजी जरा गप्प राहिली. ती स्वतः तरणीताठी असताना रंडकी झालेली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या रानात ज्वारी काढायला गेलेली. पुढं तिचं म्होतूर लागलं, त्या घरात माझा बाप जन्मला. तिनं विचारलं, "तिचं म्होतूर न्हाई लावलं?"

"त्यांच्यात लावत न्हवते, आजी."

"मंग रानात खुरपायला तरी जाऊ देत व्हते का?"

"न्हाई."

"आन् ज्यानं केस काढले त्यो न्हावी काय म्हनला?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. कादंबरी यमूची आहे, न्हाव्याची नाही. पण आजीनं जे विचारलं ते मराठीच्या मोठमोठ्या समीक्षकांनी विचारलेलं मी तरी वाचलं नाही. वस्तरा कोणाच्या हातात होता? त्या हाताला काय वाटलं?

आणि त्याचं उत्तर इतिहासात आहे, मित्रांनो. त्याच साली आहे. १८९० ला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी न्हाव्यांना एकत्र केलं. सत्यशोधक लोखंडे, 'दीनबंधु' चे संपादक, गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. न्हाव्यांनी ठरवलं : विधवांचे केस आम्ही उतरवणार नाही. संप. आमचा वस्तरा बाईच्या डोक्याला लागणार नाही.

पुण्यात एक थोर लेखक विचारतोय, पण लक्षात कोण घेतो? आणि मुंबईत न्हावी सांगतोय, आम्ही घेतलं. ज्याच्या पोटाचा धंदा त्या वस्तऱ्यावर, त्यानं लक्षात घेतलं. शास्त्री-पंडितांची सभा भरवून नव्हे, हातातलं काम थांबवून.

त्याच साली, १० जून १८९० ला, ह्याच लोखंड्यांच्या लढ्यानं मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. आणि त्याच सालच्या नोव्हेंबरात जोतीराव गेले. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ ला पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तिथं कोण यायच्या? फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवा. यमूच्याच बहिणी. त्यातल्या काशीबाईचं लेकरू ह्या माळ्याच्या जोडप्यानं मांडीवर घेतलं. तोच यशवंत फुले, पुढं डॉक्टर झाला.

म्हणून जी पोरं म्हणतात की यमूचं दुःख बामणाचं दुःख, आपल्याला काय त्याचं, त्यांना माझं सांगणं आहे : ही तुमची परंपरा नाही. तुमची परंपरा यमूच्या लेकराला मांडीवर घेण्याची आहे. आणि जी पोरं म्हणतात की हरिभाऊंनी सगळ्या मराठी समाजाचं दुःख मांडलं, त्यांनी माझ्या आजीला भेटावं. विधवेचं केशवपन हा मूठभर घरांचा प्रश्न होता. तो 'समाजाचा' प्रश्न म्हणून छापला गेला, कारण छापखाना त्या घरांच्या हातात होता. आपल्या बायांचा प्रश्न वेगळा होता. मजुरी, भूक, पाटलाची नजर. त्यावर हप्त्याहप्त्यानं कोणी लिहिलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक खरी म्हणून दुसरी खोटी होत नाही.

आणखी एक सांगतो, ते आपल्या पुरुषांना कडू लागेल. यमूसाठी रडणं सोपं आहे. स्टेजवर सावित्रीमायचं नाव घेऊन घरी बायकोवर हात उचलणारा कार्यकर्ता आपल्यातही आहे. वाड्यातला शंकरमामंजी ओळखता येतो. पत्र्याच्या खोलीतलाही ओळखायला शिका. ती कादंबरी त्याही कामाची आहे.

पुढं या. १९३३. मामा वरेरकरांची 'धावता धोटा'. मुंबईच्या गिरणी कामगारांवरची गाजलेली कादंबरी. मिलमध्ये काम करणारा माणूस म्हणून मी ती मोठ्या ओढीनं मिळवली. धोटा म्हंजे मागावर इकडून तिकडं धावणारी ती लाकडी नळीची होडी. आता दुसरी बाजू. १९२८ चा मुंबईचा मोठा संप. दीड लाखाच्या वर कामगार, सहा महिने. तेव्हा बाबासाहेब संप समितीला विचारतात : विणकाम खात्यात अस्पृश्याला का घेत नाही? तिथं पगार जास्त. कारण काय तर धोट्यातला धागा तुटला की नवीन धागा तोंडानं ओढून काढावा लागतो. अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला आमचं तोंड कसं लावायचं, असं कामगारच म्हणत होता. मालकाच्या विरुद्ध बाह्या वर करणारा, लाल झेंड्याखाली उभा राहणारा कामगार. संप समितीनं ही मागणी नाखुशीनं घेतली.

म्हंजे ज्या धोट्याच्या नावावर कामगारांची कादंबरी उभी आहे त्या धोट्याला आपला ओठ लागू देत नव्हते. हे पाच वर्षं आधी सगळ्या मुंबईपुढं मांडून झालेलं होतं. कामगार एक आहे असं म्हणणाऱ्या कोणत्याही पुस्तकाला हा प्रश्न विचारायचा. कामगार म्हंजे कोण? त्यात आपण धरलेलो आहोत का? की आपण सूत खात्यातच, धुळीत?

१९३५. 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ ला नाशिकच्या तुरुंगात लिहिली. महाराष्ट्राच्या घराघरात आहे. तिच्यात एका म्हाताऱ्या महारणीची गोष्ट आहे. तिची मोळी खाली पडलेली, उचलून द्यायला कोणी नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. आंघोळ कर. वाड्यातली पोरं हे वाचून म्हणतात, केवढी थोर आई. आपण वाचतो तेव्हा आपण त्या मोळीखाली असतो. डोक्यावर ओझं आलं, आणि मागं अंघोळीच्या पाण्याचा आवाज.

दुसरी बाजू. २० मार्च १९२७, महाड. आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी पिली. नंतर काय झालं? गोमूत्र, शेण ओतून तळं शुद्ध करून घेतलं. त्याच आंघोळीचा हा मोठा भाऊ. आणि १३ ऑक्टोबर १९३५, येवला. हिंदू म्हणून मरणार नाही. 'श्यामची आई' पुस्तक झालं त्याच साली. मोळी उचलून देणाऱ्याच्या दयेवर जगायचं नाही, असं ठरवल्याचा तो दिवस.

पण इथंही न्यायानं बोलू. साने गुरुजी त्या अंघोळीपाशी थांबले नाहीत. मे १९४७ ला पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण मांडलं. आपल्याला त्या देवळाची गरज उरलेली नव्हती, ही गोष्ट वेगळी. पण माणूस पुस्तकाच्या पुढं चालत गेला. पुस्तकावर टीका करताना माणसाची वाटचाल गिळून टाकायची नसते. आपल्याशी तसं केलेलं आपल्याला आवडत नाही.

१९५९. ह्या एका सालात दोन कादंबऱ्या. वि. स. खांडेकरांची 'ययाति' आणि अण्णाभाऊंची 'फकिरा'. एक राजवाड्यातली, एक मांगवाड्यातली. 'ययाति' ला १९६० ला साहित्य अकादमी, १९७४ ला ज्ञानपीठ. 'फकिरा' ला राज्य सरकारचं बक्षीस १९६१ ला. 'फकिरा' अर्पण केली आहे बाबासाहेबांच्या लेखणीला.

आपली पोरं म्हणतात, 'ययाति' सोडा, 'फकिरा' घ्या. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या. ययातीची वासना संपत नाही. म्हातारपण आलं तेव्हा तो पोराची तरुणाई मागतो आणि पुरू ती देतो. वाड्यातला वाचक इथं वासना, त्याग, मोक्ष असलं काहीबाही बघतो. डाळमिलमध्ये पन्नास किलोचे कट्टे उचलणारा काय बघतो? तो बघतो की ही आपलीच गोष्ट आहे. गावगाड्यानं हजार वर्षं आपल्या पोरांची तरुणाई मागून घेतली. मागून कसली, ओढून घेतली. पाटलाच्या वाड्याला, सावकाराच्या वहीला, मालकाच्या यंत्राला. आणि पुरूला थोर पुत्र म्हणून गौरवलं, म्हणजे बाकीच्या पुरूंनीही गुमान द्यावं.

'फकिरा' त्याचं उत्तर आहे. दुष्काळ पडलेला. वाडा भुकेनं मरायला लागलेला. फकिरा तरुणाई देत नाही. तो धान्य लुटून आणतो आणि भुकेल्या माणसांत वाटतो. मरायचं तर लढून मरू म्हणतो. दोन्ही पुस्तकं एकाच साली निघाली. एकात पोरगं बापाला सगळं देतं, दुसऱ्यात पोरगं व्यवस्थेला काहीच देत नाही. 'ययाति' न वाचता 'फकिरा' वाचली तर फकिरानं कशाला नकार दिला, हे अर्धंच कळतं.

आता घराजवळ येऊ. १९५० ला विभावरी शिरूरकरांची 'बळी' आली. इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, तारेच्या कुंपणात कोंडलं, त्या सेटलमेंटमधल्या माणसांची कादंबरी. लेखिकेनं, म्हंजे मालतीबाई बेडेकरांनी, त्या खात्यात नोकरी केलेली होती. डोळ्यांनी बघून लिहिलं. १९५२ ला तो गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. कुंपण गेलं, कपाळावरचा शिक्का राहिला. १९८७ ला 'उचल्या' आलं. लक्ष्मण गायकवाड. आपल्या लातूर तालुक्यातल्या धनेगावचा माणूस, लातूरच्या सूतगिरणीत राबलेला. १९८८ चं साहित्य अकादमी मिळालं.

'बळी' कुंपणाच्या दारातून आत बघते. 'उचल्या' आतून बाहेर बघतं. मालतीबाईंनी काय लिहिलं ते खोटं नाही. पण आतल्या माणसाला स्वतःचा पत्ता सांगायला ३७ वर्षं लागली. आणि तो पत्ता पुण्या-मुंबईचा नव्हता, लातूरचा होता. जी पोरं म्हणतात की साहित्य वगैरे आपल्या भागाचं काम नाही, आपण तुरी, सोयाबीन आणि ट्यूशनवाले, त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

आणि १९७८. दया पवारांचं 'बलुतं' आलं ते साल. मराठवाडा जळाला तेही साल. २७ जुलैला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे ऑगस्टमध्ये मारले गेले. मातंग समाजाचा माणूस. जयभीम सोडलं नाही म्हणून मारला. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं. कशासाठी? एका विद्यापीठाच्या पाटीवरच्या नावासाठी. अण्णाभाऊ पाट्या वाचून अक्षर शिकले, आपली माणसं पाटीवरच्या अक्षरासाठी मेली. ज्यांना वाटतं की वाचणं ही सुखवस्तू माणसाची करमणूक आहे, त्यांनी हे आठवावं. आपल्याकडं अक्षराला रक्त लागलेलं आहे.

म्हणून अभ्यासिकेच्या भांडणावर माझं म्हणणं असं.

कादंबऱ्या घ्या. हरिभाऊ घ्या, वरेरकर घ्या, साने गुरुजी घ्या, खांडेकर घ्या. अण्णाभाऊ, बाबुराव बागूल, शंकरराव खरात तर घ्याच. स्पर्धा परीक्षेचीही पुस्तकं घ्या. पोराला नोकरी लागली पाहिजे, ह्यात वाद नाही. पण नोकरी लागल्यावर साहेबाच्या खुर्चीत बसून तो कोणाचा माणूस राहील, हे गाइडातून कळत नाही.

प्रत्येक जुन्या कादंबरीच्या आतल्या कोऱ्या पानावर एक चिठ्ठी चिकटवा. एका बाजूला पुस्तकाचं साल. दुसऱ्या बाजूला त्या सालाच्या आगेमागे आपली माणसं काय करत होती ते. मुक्ता साळवे, जोतीराव, लोखंडे, मुंबईचे न्हावी, महाड, येवला. पोरापोरींनी स्वतः शोधून लिहावं. बाबासाहेबांनी राजगृहात पुस्तकांसाठी जागा केली ती शोभेसाठी नव्हे. शत्रूचीही पुस्तकं त्यांनी शत्रूपेक्षा बारीक वाचली. मनुस्मृती जाळायच्या आधी वाचलेली होती, हे विसरू नका.

महिन्यातून एक रविवार विहारात बसा. तो रविवार लोखंड्यांनी मिळवून दिलेला आहे, तो मोबाइलात घालवू नका. एकानं मोठ्यानं वाचावं. ज्यांना अक्षर येत नाही अशा आयाबायांना बोलवा. त्या गोष्ट ऐकतील आणि मध्येच विचारतील, पाणी कोणी भरलं? न्हावी काय म्हनला? त्यांचे प्रश्न वहीत उतरवून घ्या. मराठी कादंबरीची खरी समीक्षा त्या वहीत होणार आहे.

तो अभिजात शब्द त्यांच्याकडंच राहू द्या. कुळाचा शब्द आहे, कुळवाल्यांना लखलाभ. आपल्याला पुस्तक पाहिजे. पुस्तकाच्या पाया पडू नका, ते फेकूही नका. मांडी घालून त्याच्यासमोर बसा, बरोबरीच्या माणसासमोर बसतात तसं, आणि विचारा : बाबा रे, तू हे लिहीत होतास तेव्हा आम्ही कुठं होतो? त्यानं सांगितलं तर ऐका. तो गप्प राहिला तर तुम्ही लिहा.

जयभीम.